उंबऱ्याच्या आतली सिस्टर

कापडाच्या दुकानाची जुनी पिशवी. तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या. कंपन्या दोन, औषध एकच. कॅल्शियमची अर्धी बाटली. गुडघ्याला लावायचं मलम. चार महिन्यांपूर्वी सर्दी झाली तेव्हा आणलेली गोळी, सर्दी गेली तरी रात्रीची चालूच, कारण 'तिनं बरं वाटतं'. आणि तळाशी, कागदाच्या पुडीत, पट्टीतून कात्रीनं कापून दिलेल्या चार बारीक गोळ्या. कापताना नाव अर्धं गेलेलं. सिस्टरांनी पट्टीचा तुकडा दाराकडच्या उजेडात धरला, उरलेली अक्षरं जुळवली आणि विचारलं, "आजी, ह्या कोणी दिल्या?"

"मेडिकलवाल्यानं. झोपच नाही ना बाई रात्रीची."

दिंडोरी तालुक्यातलं हे गाव. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस. मुलगा आणि सून पहाटेच बागेत गेलेले, नातू नाशिकला कॉलेजात. घरात आजी, टीव्ही आणि आम्ही. सिस्टर इथल्या उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, शिक्षण बी.एस्सी. नर्सिंग. 'अधिकारी' असं त्यांना गावात कोणी म्हणत नाही. त्यांनी आजींना खाटेवर आडवं करून रक्तदाब घेतला, मग हाताला धरून उभं केलं आणि थोड्या वेळानं पुन्हा घेतला. वरचा आकडा विसाहून जास्त उतरला होता.

"उठलं की गरगरतं," आजी म्हणाल्या. "म्हणून मी फारशी उठतच नाही."

उठत नाहीत म्हणून बाहेर जात नाहीत. बाहेर जात नाहीत म्हणून दिवसा डुलक्या, दिवसा डुलक्या म्हणून रात्री झोप नाही, झोप नाही म्हणून ती पुडी. पावसाळ्यात दोनदा न्हाणीत पडल्या. आशाताईंनी घरी येऊन कागद भरला तेव्हा सुनेनं सांगितलं होतं की आत्या हल्ली विसरतात, गॅस चालू ठेवतात. आजोबा गेले त्याला वर्ष होत आलं, हे मात्र त्या कागदावर कुठं नव्हतं. ते सिस्टरांनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहून विचारलं, आणि मग आजी बराच वेळ बोलत राहिल्या. पिशवी मांडीवर तशीच उघडी.

बाहेर आल्यावर सिस्टरांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर मीटिंगला तालुक्याला. "रक्तदाबाची गोळी डबल जातेय. सर्दीच्या गोळीनं डोकं जड होतंय, झोपेच्या गोळीनं तोल जातोय. आणि मूळ दुखणं फोटोत आहे," त्या गाडीला किक मारता मारता म्हणाल्या. "हे सगळं मला दिसतं. पण अमुक गोळी इतकी करा, तमुक बंद करा, हे सरांनी सांगितल्याशिवाय मी नाही सांगू शकत." सरांचा फोन संध्याकाळी आला. तोवर सिस्टर तीस किलोमीटर लांब आपल्या घरी पोचल्या होत्या आणि आजींनी रात्रीची गोळी घेतली होती.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता 'सांभाळ'. म्हाताऱ्या माणसांचं शरीर कोण सांभाळतं, याची उत्तरं नाशिकमध्ये पुष्कळ मिळतात. मन कोण सांभाळतं, असं विचारत फिरलो तर लोक आधी मानसोपचारतज्ज्ञांची नावं सांगतात, मग ज्येष्ठ नागरिक संघ, मग सत्संग. सिस्टरांचं नाव कोणी घेत नाही.

नोटप्रेसपासून सुरगाण्यापर्यंत

नाशिक हे पेन्शनरांचं शहर आहे, असं इथले रिक्षावालेही सांगतील. नाशिकरोडच्या दोन प्रेस, ओझरचा विमान कारखाना, एकलहऱ्याचं वीज केंद्र, सातपूर आणि अंबडची औद्योगिक वसाहत: साठ-सत्तरच्या दशकांत इथं चिकटलेली पिढी आता सिडकोतल्या, इंदिरानगरातल्या, जेलरोडच्या घरांत आहे. मुलं हिंजवडीत, बंगळुरात, काही टेक्सासात. सकाळी गोदापार्कवर आणि जॉगिंग ट्रॅकवर हीच माणसं हसण्याचे व्यायाम करताना दिसतात, पण मला हवी असलेली माणसं तिथं नसतात. ज्यांनी फिरायला येणं सोडलं, ती मला हवी होती.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला सुरगाणा, पेठ, हरसूल. भातकापणी झाली की तिथली जवान माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला उतरतात आणि पाड्यावर म्हातारी-कोतारी आणि शेळ्या उरतात. सिडकोतल्या आजोबांचं एकटेपण आणि पाड्यावरच्या आजोबांचं एकटेपण एका जातीचं नाही. एकाला व्हिडिओ कॉल येतो आणि तो बंद झाल्यावर घर जास्तच शांत होतं. दुसऱ्याला मुलगा होळीला येणार हे ठाऊक असतं. तोवर तांदूळ पुरेल का, ही त्याची काळजी.

देशभरातल्या वृद्धांची मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'लासी' म्हणतात. साठीच्या पुढच्या दर शंभरांत आठांहून थोड्या अधिक लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणं तिच्यात दिसली. याच पाहणीच्या जोडीनं झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात प्रमाण आलं ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या घरात होती. पुढचं गणित वाचकांनीच करावं.

राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिकला नाही, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला घरातून उचलून अशा इमारतीत नेणं हा शेवटचा उपाय असायला हवा. इथं आहे तो जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. देशात तो १९९६ पासून सुरू झाला, त्याचा पहिला प्रयोग त्याआधी कर्नाटकातल्या बेल्लारीत झाला होता. जिल्हा रुग्णालयात एक चमू: मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि दोन परिचारिका, एक मानसोपचाराची आणि एक समुदायाची. हा चमू ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयांत जाऊन बाह्यरुग्ण विभाग घेतो. पंधरा तालुके आणि एक गाडी. कागदावर सगळं आहे. फक्त म्हाताऱ्या माणसाला गाडीपर्यंत कोण आणणार, एवढाच प्रश्न उरतो.

'जीव घाबरा होतो'

मन खचलंय, असं म्हणत कोणी म्हातारं माणूस दवाखान्यात येत नाही. येतं ते पोटात गोळा येतो, अंगात कणकण आहे, तोंडाला चव नाही, छातीत धडधडतं, मुंग्या चालतात, ही गाऱ्हाणी घेऊन. डॉक्टर ईसीजी काढतात, सोनोग्राफी करतात, सगळं नॉर्मल येतं. नॉर्मल आलं की घरच्यांचा तोल सुटतो: "काही झालेलं नाही तुम्हाला, उगाच मनाला लावून घेता." मग म्हातारं माणूस बोलायचंच थांबतं.

आशाताईंच्या तपासणीच्या कागदावर यासाठी दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतं का. उत्तराला शून्य ते तीन गुण. दोन्हींची बेरीज तीनाच्या वर गेली की उपकेंद्राकडे पाठवायचं. साठीच्या पुढच्यांसाठी आणखी चार प्रश्न: उभं राहताना, चालताना तोल जातो का, शरीराच्या व्यंगामुळे हालचालीला अडचण येते का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, आणि जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का. प्रश्न चांगले आहेत. पण आशाताई त्याच गल्लीतल्या असतात आणि सासू, सून, शेजारीण सगळ्या भोवती बसलेल्या असतात. "आत्या, उदास वाटतं का?" या प्रश्नाला सुनेसमोर सासू काय उत्तर देणार? एक पर्यवेक्षिका म्हणाल्या, "आम्ही नवीन मुलींना सांगतो, पहिल्यांदा पाणी मागा. सून आत गेली की विचारा."

स्मृतीच्या चाचण्यांची गंमत वेगळीच. जगभर वापरली जाणारी प्रश्नावली तारीख विचारते, शंभरातून सात-सात वजा करायला लावते, एक वाक्य लिहायला सांगते. कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाईला यात नापास करणं सोपं आहे. ही अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगढला निरक्षर माणसांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बांधली गेली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नाशिकच्या सिस्टर चाचणीच्या पलीकडे जाऊन आपली शक्कल लढवतात. पेठकडच्या एकीनं मला सांगितलं, "मी विचारते, यंदा वरई किती झाली, आवणी कधी केली, पोळा झाला की व्हायचाय. आणि बाई भाकरी थापत असेल तर नुसती बघत बसते. पिठात पाणी किती, तवा तापला की नाही, परतायची कधी. तिथं सगळं कळतं."

ही निव्वळ हुशारी नाही. तीन दुखणी एकमेकांच्या वेशात येतात आणि ती वेगळी करणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. त्यात विसरणाऱ्याची तक्रार नसते, घरच्यांची असते. नैराश्यात उलट: माणूस स्वतःच सांगतं, मला काही आठवत नाही, मी आता कामाची नाही. तिसरं दुखणं तासा-दिवसांत येतं. काल ठीक असलेले आजोबा आज संध्याकाळी भिंतीवरच्या माणसांशी बोलू लागतात, सकाळी पुन्हा बरे, रात्री पुन्हा तेच. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. याचं कारण बहुतेकदा डोक्याबाहेर असतं: लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम घटणं, बद्धकोष्ठ, नाहीतर नव्यानं सुरू झालेली गोळी. वेळेत पकडलं तर ते बरं होऊ शकतं. न पकडलं तर जिवावर बेततं.

सिडकोतल्या अशाच एका घराची हकीकत मला एका नर्सिंग कॉलेजच्या बाईंनी सांगितली. निवृत्त कामगार, वय ऐंशीच्या आसपास. दोन रात्री ओरडले, बायकोला ओळखेनात. नातेवाइकांत दोन तट: एकाचं म्हणणं मनोरुग्णालय, दुसऱ्याचं म्हणणं बाहेरचं काहीतरी आहे, त्र्यंबकला जाऊन विधी करा. वस्तीत प्रात्यक्षिकाला आलेल्या विद्यार्थिनी बाईंबरोबर त्या घरी गेल्या. बाईंनी आजोबांना महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगितलं. दोन म्हणून झाल्यावर ते हरवले. मग त्यांनी आजींना विचारलं, लघवीला किती वेळा जातात, वास येतो का, पाणी किती पितात. आजी म्हणाल्या, "रात्री उठायला नको म्हणून मी संध्याकाळनंतर पाणीच देत नाही." त्याच दिवशी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं, तपासणीत संसर्ग निघाला, आठवड्यात आजोबा पुन्हा पेपर वाचू लागले. "आम्ही काही उपचार केले नाहीत," बाई म्हणाल्या. "आम्ही फक्त ओळखलं." 'फक्त' या शब्दावर त्या स्वतःच हसल्या.

गोव्यातले दोन दाखले, आणि पेठचा एक

तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आणि पाठीशी तज्ज्ञ असलेल्या माणसानं घरी जाऊन केलेलं काम टिकतं का? याचं उत्तर शेजारच्या गोव्यानं दोनदा दिलं आहे.

पहिल्यांदा स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत. 'संगाथ' या संस्थेशी जोडलेले डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांसोबत काम केलं. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी जाणारे कार्यकर्ते स्थानिक होते, मानसोपचाराची पदवी नसलेले. त्यांनी काय केलं? आजार म्हणजे काय ते घरच्यांना समजावलं. आई चोरीचा आळ घेते तेव्हा तिच्याशी वाद घालू नका, रात्री फिरते तर दिवसा चालवा, असं रोजचं सांगितलं. सहा महिन्यांनी, सांभाळणाऱ्या बायकांच्या (बहुतेक बायकाच) मनावरचा ताण कमी झाल्याचं दिसलं.

दुसऱ्यांदा नैराश्याच्या बाबतीत, आणि हा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो आजार व्हायच्या आधीचा आहे. साठीच्या पुढची १८१ माणसं, थोडी उदास पण अजून पूर्ण नैराश्यात न गेलेली. निम्म्यांकडे सल्लागार जात: अडचणी एकेक करून सोडवायच्या कशा, झोपेच्या सवयी कशा लावायच्या, मधुमेहाची काळजी कशी घ्यायची, आणि सरकारी योजनेचा अर्ज कुठं द्यायचा. वर्षभरानं पाहिलं तर ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात १४.४ टक्के नैराश्यात गेले होते, ज्यांच्याकडे सल्लागार गेले त्यांच्यात ४.४ टक्के. हे २०१९ मध्ये छापून आलं.

योजनेचा अर्ज हा मानसोपचार कसा, असं कोणी विचारेल. श्रावणबाळ योजनेची पेन्शन ज्याची तीन महिने अडकली आहे, कारण बँकेच्या यंत्रावर झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्याला विचारावं. दीड हजार रुपयांसाठी मुलाच्या तोंडाकडे पाहावं लागणं हे सत्तरीत काय करतं, ते कुठल्या गोळीनं भरून येत नाही. मी पाहिलेल्या सिस्टरांच्या वहीत रक्तदाबाच्या आकड्याशेजारी पेन्सिलनं लिहिलं होतं: 'बँक – आधार – मंगळवार'.

आणि नाशिक जिल्ह्यातलाच दाखला. पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' हा प्रयोग झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतलं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र त्याच्या मागे होतं. गावातल्याच स्त्री-पुरुषांना ताणाखाली असलेलं माणूस ओळखायला, ऐकायला आणि साधं समुपदेशन करायला शिकवलं. हातात स्मार्टफोन, त्यात छोट्या फिल्म. जास्त त्रास असेल त्याला सरकारी दवाखान्यापर्यंत जोडून द्यायचं. पुढं हे काम गुजरातेत मेहसाण्याला मोठ्या प्रमाणावर गेलं. सुरुवात आपल्या पेठची होती, हे नाशिककरांना फारसं ठाऊक नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. स्वयंसेवक ऐकू शकतो, धीर देऊ शकतो, दवाखान्याची वाट दाखवू शकतो. पण पिशवीतल्या पाच औषधांपैकी कोणतं डोक्यात धुकं आणतंय, हे तो ओळखू शकत नाही. डॉक्टर ओळखू शकतो, पण तो घरी येत नाही आणि पिशवी त्याच्यासमोर येत नाही. या दोघांच्या मधली जागा नर्सची आहे. वृद्धांच्या बाबतीत ही मधली जागाच सगळ्यात मोठी आहे, कारण त्यांचं मन, रक्तदाब, गुडघा आणि पेन्शन वेगवेगळ्या खिडक्यांवर नेता येत नाही.

कायदा काय देतो, काय अडवतो

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. २९ मे २०१८ पासून लागू. त्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची स्वतंत्र व्याख्या आहे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंद झाली की ती कायद्याच्या भाषेत मानसिक आरोग्य व्यावसायिक ठरते. ही नावापुरती पदवी नाही. एखाद्या गंभीर आजारी माणसाला त्याच्या संमतीशिवाय, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करायचं असेल, तर दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. एक मानसोपचारतज्ज्ञ. दुसरी व्यक्ती डॉक्टर असू शकते किंवा नोंदणीकृत मानसिक आरोग्य व्यावसायिक, म्हणजे नर्ससुद्धा. माणसाचं स्वातंत्र्य काही दिवसांसाठी काढून घेण्याच्या निर्णयात तिचं मत कायद्याला चालतं.

त्याच कायद्याचं १०६ वं कलम मात्र सांगतं, आपल्या व्यवसायाच्या क्षेत्राबाहेरचं औषध वा उपचार कुणी सुचवू नये. म्हणजे दाखल करण्यावर मत देऊ शकते ती नर्स, दिंडोरीच्या आजींची पुडीतली गोळी हळूहळू कमी करा असं स्वतःच्या सहीनं लिहून देऊ शकत नाही. कायदा चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. झोपेची ही गोळी एकदम थांबवली तर अस्वस्थता, थरथर, क्वचित आकडीही येते. ती आठवड्या-आठवड्यानं उतरवावी लागते, दर वेळी माणूस डोळ्यांनी बघून. पण दर आठवड्याला बघणार कोण? ज्याला सहीचा अधिकार आहे तो की जी त्या रस्त्यानं रोज जाते ती?

इतर ठिकाणी हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडात वॉर्लिंगहॅम पार्क या मनोरुग्णालयानं १९५४ मध्ये नर्सेसना भिंतीबाहेर, सुटून गेलेल्या रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. त्यातून समुदायात काम करणारी मानसोपचार नर्स ही वेगळी भूमिका उभी राहिली. २००६ पासून तिथल्या विशेष प्रशिक्षित नर्सेसना जवळपास सगळी औषधं आपल्या अखत्यारीत लिहिता येतात. त्याच देशात स्मृतिभ्रंशाच्या घरांसाठी 'अॅडमिरल नर्स' असतात. हे नाव जोसेफ लेव्ही या गृहस्थांवरून आलं: त्यांना शिडाच्या बोटींचा नाद, घरचे त्यांना अॅडमिरल म्हणत, पुढं त्यांना स्मृतिभ्रंश झाला आणि कुटुंबानं ही सेवा सुरू केली. या नर्सचं मुख्य लक्ष रुग्णाकडे नसतं, त्याला सांभाळणाऱ्याकडे असतं.

आपल्याकडे इंग्लंडची नक्कल करावी, असं मी म्हणणार नाही. नक्कल करायचीच तर घरचीच आहे. केंद्र सरकारनं २०१४ मध्ये एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या सहायक परिचारिकेला, नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला ठरावीक परिस्थितीत परवानगी दिली. तांबी बसवण्याचं प्रशिक्षण नर्सेसना आहे. प्रसूतीसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आहे, अतिदक्षता विभागासाठीही आहे. आई आणि बाळ वाचवायचं ठरलं तेव्हा राज्यानं नर्सच्या हातावर विश्वास टाकला, लेखी नियम घालून दिले, प्रशिक्षण दिलं. म्हाताऱ्यांच्या मनासाठी हे कोणाच्या डोक्यात आलेलं नाही, कारण त्यांच्या मृत्यूंचा कुठं हिशेब लागत नाही. मातामृत्यूची चौकशी समिती बसते. न्हाणीत पडून खुबा मोडलेल्या आजी तीन महिन्यांनी गेल्या तर 'वय झालं होतं' असं म्हणतात.

दिंडोरी रोडवरचं विद्यापीठ

गावाकडून परत येताना म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. १९९८ मध्ये स्थापन झालेलं. राज्यभरच्या नर्सिंग पदव्यांच्या परीक्षा इथून होतात. मानसिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. करणाऱ्या मुलींची गुणपत्रकंही इथलीच. या मुली जातात कुठं?

"शिकवायला," कॉलेजच्या त्याच बाईंनी सांगितलं. "मी पण शिकवायलाच आले." रुग्णालयातली अधिपरिचारिका व्हायला जीएनएम ही पदविका किंवा बी.एस्सी. पुरे. एम.एस्सी. झालेल्या नर्ससाठी रुग्णाच्या जवळचं वेगळं पद, वेगळा पगार, वेगळं काम असं जवळजवळ कुठंच नाही. कॉलेजांना मात्र पाठ्यनिर्देशिका हव्यात. त्यामुळे नर्स जितकी जास्त शिकते तितकी रुग्णापासून दूर जाते. डॉक्टरचं नेमकं उलट होतं. सुपरस्पेशालिस्ट झाल्यावर त्याच्याकडे रुग्णांची रांग वाढते.

एका मानसोपचारतज्ज्ञांशी या विषयावर बराच वाद झाला. त्यांचे आक्षेप हलके नव्हते. म्हाताऱ्यांत नैराश्याच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं, काहींनी हृदयाची लय बिघडते, कोण जबाबदार? दुसरं, कमी पगाराची नर्स मिळाली की सरकार तज्ज्ञांची पदं भरायचंच थांबवेल, खेड्यातल्या माणसाला दुय्यम सेवा मिळेल. दुसऱ्या आक्षेपाशी मी सहमत आहे, ते होऊ शकतं. पहिल्याला सिस्टरांकडेच उत्तर होतं. गोळी सुरू करायला त्यांना डॉक्टरच हवा आहे. डॉक्टरांशी दुरून बोलण्याची सोय, ई-संजीवनी, उपकेंद्रात आहेच. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांकही त्या लोकांना देतात. त्यांना हवं आहे ते पुढचं: डॉक्टरांनी एकदा योजना लिहून द्यावी आणि त्या चौकटीत गोळी उतरवणं, रक्त तपासायला पाठवणं, कोणत्या लक्षणाला त्याच दिवशी हलवायचं, हे ठरवण्याची मोकळीक. बाळाच्या इंजेक्शनसाठी जशी लेखी चौकट आहे तशीच. तज्ज्ञ थोडं थांबून म्हणाले, "अशी नर्स मला मिळाली तर माझी निम्मी ओपीडी रिकामी होईल." ही तक्रार होती की इच्छा, मला कळलं नाही.

सून

एक माणूस या सगळ्या योजनांत येत नाही. दिंडोरीच्या आजींची सून संध्याकाळी बागेतून आली तेव्हा हाताला बोर्डोचा निळा रंग होता. पहाटे पाचला उठून स्वयंपाक, दिवसभर छाटणी, आल्यावर सासूचं अंथरूण पाहायचं. "आत्या रात्री तीनदा हाका मारतात," ती सांगत होती. "ह्यांना जाग येत नाही." तिचं वय चाळिशीच्या आत, नोंदवहीत तिचं नाव कुठं नाही, कारण ती आजारी नाही. गोव्याच्या अभ्यासात आणि अॅडमिरल नर्सच्या कामात जी बाई मध्यभागी आहे, ती ही.

पुढच्या भेटीला सिस्टरांनी डॉक्टरांचा निरोप आणला: रक्तदाबाची एकच पट्टी ठेवायची, सर्दीची गोळी बंद, रात्रीची गोळी तूर्त अर्धी, दोन आठवड्यांनी पाहू. मग त्यांनी सुनेला घेऊन न्हाणीची जागा पाहिली. भिंतीला धरायला दांडा कुठं ठोकायचा, ते खडूनं खूण करून दाखवलं. आजींना दुपारी देवळापर्यंत कोण नेणार, हे ठरलं: शेजारच्या मावशी. पेन्शनच्या बँकेचा वार ठरला. आणि सुनेला त्यांनी विचारलं, "तुझी झोप किती होते गं?" सून गप्प झाली. तिचा रक्तदाब घेतला, तो वाढलेला होता.

निघताना मी सिस्टरांना विचारलं, एकच गोष्ट मागायची तर काय मागाल? मला वाटलं औषध लिहायचा अधिकार म्हणतील, किंवा पद, किंवा पगार.

"उतरवायचा अधिकार द्या, वाढवायचा नको," त्या म्हणाल्या. "आणि पेट्रोलचं तेवढं बघा. आठवड्याला यायचं म्हणजे खिशातून जातं."